पिवळीच्या डाव्या चाकातली रेघ

पुसेगावात ट्रॅक्टर बंद पडला की लोक आधी तातेराव गडद्यांना बोलावतात, मग बाकीच्या उपायांना लागतात. छत्तीस वर्षं हे असंच चाललंय. मळणी यंत्र असो, पाणबुडी मोटार असो, नाहीतर हळद शिजवायचा कुकर, तातेराव आधी डोळे मिटून कान देतात, मग उजव्या हाताचा अंगठा यंत्रावर टेकवतात आणि सांगतात, "बेरिंग गेलं," नाहीतर "काही न्हाई झालं, डिझेलात पाणी हाय." खोलून बघितलं की बरोबर तेच निघतं. शाळा सातवीपर्यंत. इंजिनाची पुस्तकं इंग्रजीत असतात म्हणून त्यांनी ती कधी उघडली नाहीत, चित्रं मात्र बघितली.

पाच वर्षांपूर्वी एका जुन्या गिअरबॉक्ससाठी ते नांदेडच्या भंगारबाजारात गेले होते. तिथं पत्र्यांच्या ढिगाखाली त्यांना एक पिवळं बोनेट दिसलं. पत्रे बाजूला सारल्यावर खाली एक बुटकी, दोनच माणसांची गाडी निघाली. पुण्याच्या कुणा शौकिनाची विलायती स्पोर्ट्स कार होती. पुरात दोन दिवस बुडाली, विमेवाल्यांनी ती निकालात काढली आणि फिरत फिरत ती इथवर आली होती. आत गाळ वाळून भेगाळला होता. तातेरावांनी बोनेट उचललं आणि तसेच उभे राहिले. इतक्या कमी जागेत इतकं सगळं कुणी बसवलं असेल, आणि तेही एका नळीचा दुसरीला धक्का न लागता, हे त्यांना खरं वाटेना. भंगारवाला दोनदा चहा घेऊन आला तरी ते तिथून हलले नाहीत.

आठ दिवसांनी त्यांनी आपला जुना ट्रॅक्टर त्या भंगारवाल्याला दिला आणि टेम्पोवर घालून ती गाडी घरी आणली.

सखुबाई दारातच उभ्या होत्या. टेम्पोकडे बघून त्यांनी विचारलं, "ट्रॅक्टर कुठं हाय?"

"दिला."

"आन् हे काहून आणलं? ह्याला नांगर लागतो का?"

सखुबाईंनी चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी मात्र त्यांनीच घासणी आणि बादली घेऊन गाडीतला गाळ काढायला सुरुवात केली. "उकिरडा दारात ठेवायचा न्हाई मला," एवढंच म्हणाल्या.

ती गाडी उभी करायला साडेतीन वर्षं लागली. गॅरेज बंद झालं की तातेराव तिच्याकडे वळत. एकेक नट काढून रॉकेलमध्ये धुतला, कापडावर मांडला, शेजारी खडूनं खूण केली. जे सामान मिळालं नाही ते हिंगोलीच्या लेथवर घडवून घेतलं. सीट कळमनुरीच्या एका गादीवाल्यानं शिवून दिल्या. त्यांची मुलगी कोमल सेनगावात सेवा केंद्र चालवते. तिनं परदेशी लोकांचे व्हिडिओ शोधून दिले, आणि कागदपत्रांसाठी आरटीओच्या इतक्या खेपा घातल्या की तिथला शिपाई तिला नावानं ओळखू लागला. कंपनीचं नाव गावातल्या कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून गाव गाडीला पिवळी म्हणू लागलं.

पहिल्यांदा इंजिन चालू झालं तेव्हा तातेराव चक्क खाली बसले. आयुष्यभर त्यांनी खोकणारी, धापा टाकणारी इंजिनं ऐकली होती. इथं दोन ठोक्यांच्या मध्ये जागाच नव्हती. एक अखंड सूर निघत होता, आणि पाय जरा दाबला की तो सूर छातीच्या हाडात उतरत होता. आजूबाजूचे लोक धावत आले. ऐंशीचे दगडोबा काठी टेकत आले, त्यांनी पागोटं काढून हातात घेतलं आणि म्हणाले, "तात्या, हे माणसानंच केलं व्हय रं?"

तातेराव म्हणाले, "मी बी तोच इचार करून राहिलो."

पिवळी इतकी बुटकी की गावातल्या गतिरोधकावर तिचं पोट घासायचं. लोक आपणहून फळ्या आणून टाकत आणि ती पलीकडे गेली की उचलून नेत. सखुबाई तिच्यात एकदाच बसल्या. सिद्धेश्वरच्या धरणावर जायचं ठरलं. सामान ठेवायला जागा नाही, म्हणून भाकरीचं गाठोडं मांडीवर. बसताना त्यांना शेजारच्या दोघींनी धरून खाली सोडलं. औंढ्याच्या पुढं एक सरळ, मोकळा पट्टा लागतो. तिथं तातेरावांनी पाय दाबला. बाभळी एकमेकींत मिसळून हिरवी भिंत झाली, काटा एकशे तीसवर गेला. सखुबाईंनी डोक्यावरचा पदर दातात धरला होता. तातेरावांना वाटलं, आता ओरडतील. त्यांनी पदर सोडला आणि विचारलं, "अजून पळती का?"

"पळती."

"मंग पळवा की."

धरणावर उतरल्यावर त्या पाण्याकडे न बघता गाडीकडेच बघत बसल्या. तीस वर्षांच्या संसारात तातेरावांनी त्यांना अशा चेहऱ्यानं कशाकडे बघताना पाहिलं नव्हतं.

मग यंदाच्या मार्चमध्ये कोमल दुपारीच घरी आली. हातात छापून आणलेला कागद होता. "बाबा, कंपनीचं पत्र आलंय. गाडी परत मागतेत."

पत्रात लिहिलं होतं, की पुढचं चाक ज्याला धरून फिरतं आणि वळतं तो ओतीव ॲल्युमिनियमचा सांधा काही गाड्यांत सदोष निघालाय. परदेशात दोन ठिकाणी तो चालत्या गाडीत तुटला. हे मॉडेल बंद होऊन बारा वर्षं झालीत, नवा सांधा बनवायचा साचाही उरलेला नाही. तेव्हा कंपनी गाड्या परत घेईल आणि चांगला मोबदला देईल. ज्यांना ठेवायची आहे त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर ठेवावी, पण आधी कंपनीच्या माणसाकडून तपासणी करून घ्यावी आणि सही द्यावी.

"देऊन टाका," कोमल म्हणाली.

"का म्हणून? माझ्या गाडीला काय झालं? तो सांधा मी सोता उतरवला, धुतला, घासून चकचकीत केला. केसायेवढी खोट असती तर हाताला लागली असती."

गावही तातेरावांच्याच बाजूनं होतं. ट्रॅक्टरवाला संतोष म्हणाला, "काका, कंपनीवाले भेव दाखवून राहिले. तुमी थ्रेशरचा आख बनवता, तुम्हाला हे काय जड हाय?" तातेरावांच्या मनातही तेच होतं. त्यांनी सांध्याचं माप घेतलं, हिंगोलीला जाऊन लेथवाल्याशी पोलादाच्या ठोकळ्याचं बोलूनही आले. तपासणीचा माणूस येईल, सही घेईल, जाईल. पिवळी कुठं जात नाही. सखुबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तुमाला यंत्रातलं कळतं, मला न्हाई." पण त्यांचाही जीव गाडीत होता, हे घरात सगळ्यांना दिसत होतं.

तपासणीला आलेला माणूस बाई निघाली. नीलांबरी नाव, तिशीची, पुण्याची इंजिनिअर. आल्या आल्या तिनं पेटी उघडली नाही, नुसती पिवळीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग खाली वाकून, पार जमिनीवर आडवी होऊन तिनं गाडीचं पोट बघितलं. उठली तेव्हा तिच्या केसांत माती होती.

"काका, ही बुडालेली गाडी होती ना? हे सगळं कुणी केलं?"

"मीच. घरच्यांनी हात लावला."

"आमच्या कारखान्यातली माणसंही इतकं नीट करत नाहीत," ती म्हणाली. ती तोंडदेखलं बोलत नव्हती. तातेरावांची मान जरा वर झाली.

पुढची दोन्ही चाकं तातेरावांनीच काढून दिली. नीलांबरीनं उजव्या बाजूचा सांधा स्वच्छ पुसला आणि त्यावर डब्यातून लाल रंग फवारला. "आता पंधरा मिनिटं थांबायचं. कुठं भेग असेल तर रंग तिच्यात शिरतो. मग वरचा पुसून टाकायचा आणि पांढरा फवारा मारायचा. आत गेलेला रंग त्या पांढऱ्यावर बाहेर येतो."

उजवा सांधा पांढराच राहिला. तातेरावांनी बघायला आलेल्या संतोषकडे बघितलं, संतोष हसला. मग डावा. लाल फवारा, पंधरा मिनिटं, पुसणं, पांढरा फवारा. सुरुवातीला काहीच दिसलं नाही. सांधा चुना दिलेल्या भिंतीसारखा कोरडा होत गेला. आणि मग, कुणी हात लावलेला नसताना, त्या पांढऱ्यावर एक लाल रेघ उगवू लागली. आधी टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. मग त्याच्या पुढं दुसरा. मग दोन्ही जोडले गेले आणि रेघ वळणावरून हळूहळू पुढं चालत गेली. बघता बघता ती करंगळीएवढी लांब झाली आणि थांबली.

तातेरावांनी कापड मागून घेतलं, सगळं पुसलं, आणि त्याच जागेवर उजवा अंगठा फिरवला. एकदा, दोनदा, नखानं, मग डोळे मिटून. धातू काचेसारखा गुळगुळीत होता. तिथं काहीच नव्हतं.

"पुन्हा कर, पोरी," ते म्हणाले. मघापर्यंत ते तिला मॅडम म्हणत होते.

तिनं पुन्हा सगळं केलं. रेघ पुन्हा तिथंच, तशीच उगवली.

"कवापासून हाय ही?"

"सांगता येत नाही. ओतताना आत एक बारीक पोकळी राहिली असेल. गाडी धावली की ती थोडी थोडी वाढते."

"सांधा तुटला कवा असता?"

"उद्या तुटला असता. किंवा दोन वर्षांनी. पण तुटला असताच."

"मी पोलादाचा सांधा घडवला तर?"

ती लगेच नाही म्हणाली नाही. विचार करून बोलली, "तुम्ही घडवाल, आणि चांगला घडवाल. पण तो जड होईल, मग त्याचा भार ज्या भागांवर येईल ते सगळे याच ओतकामातले आहेत. त्यांतलं कुठलं केव्हा असं होईल, मला सांगता येणार नाही. तुम्हालाही नाही. निर्णय तुमचा आहे काका, मी सहीचा कागद आणलाय."

तातेराव उठले आणि घराच्या दाराशी जाऊन सखुबाईंना हाक मारली. त्या पीठ लागलेले हात घेऊनच आल्या. त्यांनी रेघ बघितली. मग सांधा कुठल्या अंगाचा आहे ते बघितलं.

"मी ह्याच अंगाला बसले व्हते," त्या म्हणाल्या.

"व्हय."

"आन् मीच म्हणलं, पळवा."

सखुबाई खाली बसल्या, पिठाचं बोट त्या रेघेजवळ नेलं, पण टेकवलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. धरणाच्या काठावर गाडीकडे बघताना होता तसाच काहीसा चेहरा झाला होता. "येवढीशी हाय," त्या हळूच म्हणाल्या. "येवढीशी, आन् तिनं आपल्याला घरी येऊ दिलं."

संतोषनं विचारलं, "मंग काका, कसं?"

"द्यायची."

"जरा दोन दिस इचार तरी करा."

"इचार झाला. छत्तीस वर्षं मी लोकांचं यंत्र बोटानं तपासून देतो. ही रेघ साडेतीन वर्षं माझ्या बोटाखालून गेली, संतोष, आन् बोटाला कळली न्हाई. आता ह्या गाडीत मी कुणाला बसवू?" मग ते नीलांबरीकडे वळले. "एकच सांगणं हाय. हा सांधा तुमी तोडणार असाल ना, तवा मला बोलवा. मला आत बघायचंय."

गाडी न्यायला ट्रक आला तेव्हा अर्धं गाव जमलं होतं. तातेरावांनी ती स्वतः चालवत फळीवरून वर चढवली, तेवढीच, पहिल्या गिअरमध्ये. खाली उतरले आणि चावी देऊन सरळ गॅरेजात गेले. सखुबाई मात्र ट्रक हिंगोलीच्या रस्त्याला लागून दिसेनासा होईपर्यंत उभ्या होत्या.

नीलांबरीनं शब्द पाळला. जूनच्या पहिल्या आठवड्यात तातेराव आणि सखुबाई पुण्याला गेली. कंपनीच्या प्रयोगशाळेत काचेपलीकडं सांधा एका यंत्रात धरला होता आणि ते यंत्र त्याला रस्त्यासारखे हिसके देत होतं. अकराव्या मिनिटाला टक् असा आवाज झाला, सुपारी फुटल्यासारखा. तुकडा आणून भिंगाच्या यंत्राखाली ठेवला आणि समोरच्या पडद्यावर त्याचं पोट दिसू लागलं.

तातेराव पुढं सरकले. आयुष्यभर ज्याला त्यांनी नुसता धातू म्हटलं, त्याच्या आत खडे होते, दऱ्या होत्या, चमकणाऱ्या भिंती होत्या. एका कोपऱ्यात काळी पोकळी, मोहरीच्या फुटलेल्या दाण्याएवढी. आणि तिच्यापासून बाहेर, एकापुढं एक, अगणित बारीक ओळी पसरत गेल्या होत्या, ओल्या वाळूवर पाणी मागं सरताना खुणा ठेवून जातं तशा.

"गाडी जितक्या वेळा जोरात धावली, तितकी भेग पुढं सरकली," नीलांबरी म्हणाली. "प्रत्येक वेळेची खूण राहते."

"हे समदं लिवून ठेवलं व्हतं?" तातेराव म्हणाले. "धातूनं सोता?"

ते तासभर तिथून हलले नाहीत. सखुबाईंनी खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी ठेवली आणि त्याही बघत बसल्या. निघताना नीलांबरीनं ते लाल आणि पांढऱ्या फवाऱ्याचे डबे त्यांच्या पिशवीत घातले.

कंपनीनं दिलेल्या रकमेतून सखुबाईंनी ट्रॅक्टर घ्यायला लावला. तातेरावांचं गॅरेज पूर्वीसारखंच चालू आहे. फरक एवढाच, की हंगामाच्या आधी गावातला कुठलाही ट्रॅक्टर, ट्रॉली, मळणी यंत्र त्यांच्या दारात आलं की ते आख आणि हूक पुसून लाल फवारा मारतात आणि पंधरा मिनिटं कुणाचं काही ऐकत नाहीत. सुरुवातीला लोक कुरकुरले, कामाची घाई असते. एकदा एका ट्रॉलीच्या हुकावर रेघ उगवली, तेव्हापासून मुकाट्यानं थांबतात. बहुतेक वेळा काही निघत नाही. पांढरं ते पांढरंच राहतं. लोक म्हणतात, "झालं की काका, साफ हाय," आणि किल्ली फिरवायला उठतात. तातेराव हात वर करून त्यांना थांबवतात आणि त्या वाळत चाललेल्या पांढऱ्याकडे आणखी थोडा वेळ बघत उकिडवे बसून राहतात.