बारा आणि पंधराची बेरीज

बायको गेल्यावर तेरावं उरकून मी कामावर गेलो, तेव्हा यंत्रखोलीचा आधार वाटला. रे रोडला गोदीजवळ आमच्या मालवाहतूक कंपनीची कचेरी होती. प्रत्येक पेटीचं भोकं पाडलेलं एक कार्ड असे. यंत्र ती कार्डं वाचून तक्ता छापी. खडखडाट एवढा की कुणी सांत्वनाला आलं तरी ऐकू येत नसे.

त्याच सुमारास नवं यंत्र आलं. यंत्राने काय करायचं ते तारा जोडलेला एक फळा सांगे. जुन्या यंत्राची कामं नव्यावर चालतील असे फळे मला जोडायचे होते. साहेबांनी बजावलं होतं, "शनिवारपर्यंत जमलं नाही, तर तुम्ही पत्रव्यवहाराच्या दालनात बसा." त्या दालनात प्रत्येकाला माझी विचारपूस करायची होती.

जुन्या यंत्राला फक्त आकडे कळत, नव्याला अक्षरंही. म्हणून अक्षरांचे रकाने छपाईकडे आणि आकड्यांचे सगळे बेरजेकडे जोडले. चाचणीचा तक्ता निघाला. वजनाखाली बेरीज होती, तशीच पेट्यांच्या नंबरांखालीही.

शेजारचा ऑपरेटर हसत सुटला. "वा राव! मंडळी संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्चे काढून थकली, आणि तुम्ही पेट्यांचे नंबर एका दिवसात संयुक्त करून टाकलेत!"

मला गिरगावातलं आमचं स्वयंपाकघर आठवलं. यंत्र कसं चालतं हे मी तिला तिथे बसून सांगत असे. एकदा पोळी लाटता लाटता ती म्हणाली होती, "अहो, पण त्याला कळतं का, काय मिळवायचं नि काय नुसतं ओळखायचं? नाहीतर आपली बारा नंबरची खोली नि समोरची पंधरा मिळवून ते आपल्याला सत्तावीसमध्ये राहायला पाठवायचं!"

तेव्हा मी नुसता हसलो होतो. आता एकेका रकान्यावर बोट ठेवून तिचाच प्रश्न विचारत गेलो. वजन मिळवायचं. पेटीचा नंबर ओळखायचा. गोदामाचा नंबर ओळखायचा. तारीखही ओळखायचीच.

शनिवारी तक्ता बिनचूक निघाला. साहेबांनी मान हलवली. यंत्रखोली माझ्याकडे राहिली.

त्या संध्याकाळी मी भरभर घरी आलो. जिना चढताना वाक्यही जुळवलं होतं, ती हसेल असं. बारा नंबरला कुलूप होतं. सकाळी मीच लावलेलं.