गोदाकाकूंच्या आमसुलांचं ऊन

पावस गावातल्या घरावर सोलर बसलं तसे सदूभाऊ स्वतःच तळपायला लागले. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस. समोर कोणी सापडला की त्याला समजावल्याशिवाय सोडणं नाही. "तोंड दक्षिणेला हवं, वर सावली नको. वीज इन्व्हर्टरमधून घरात येते, उरलेली लाईनीवर जाते, मीटर दोन्हीची नोंद ठेवतो." शेजारचा हर्षद दुधाला मागच्या वाटेने जायला लागला, तिथेही भाऊंनी त्याला गाठलं.

सगळी वाडी समजावून झाली. बायकोला, गोदाकाकूंना सांगायचं तेवढं राहिलं.

मे महिन्यात काकू रातांब्याच्या साली घेऊन गच्चीवर गेल्या. सालींना रस पाजायचा, वाळवायचं, पुन्हा रस पाजायचा, हे त्यांचं दर उन्हाळ्याचं काम. ह्या आमसुलांवर मुंबईतल्या लेकीची वर्षभराची आमटी चालायची. पावसाआधी वाळली नाहीत तर बुरशी ठरलेली. आणि गच्चीभर तर काचा! काकूंनी हात लावून पाहिला. तापलेल्या, गुळगुळीत, वर छान उतार. एवढी सोय कोण करतो हल्ली? त्यांनी साली नीट मांडल्या.

खाली भाऊंच्या मोबाईलवर विजेचा आकडा धाडकन उतरला. पॅनेलं बसवणारा ओमकार रत्नागिरीहून धावत आला, गच्चीवर जाऊन खाली आला.

"भाऊ, पॅनेलं ठणठणीत आहेत. आमटीच्या कामाला लागलीयत."

"एवढं ऊन पडलंय मेल्या," काकू म्हणाल्या, "माझ्या मूठभर सालींनी काय संपणार आहे?"

"काकू, ती ओळीने जोडलेली असतात. एक झाकलं की अख्खी ओळ मंदावते. शिवाय त्यांना उजेड हवा, ताप नको."

"मग दोन काढ."

"काढीन. पण मांडणी बदलायची तर पुन्हा वीज मंडळाची मंजुरी घेणं आलं. पावसाआधी नाही व्हायचं."

काकू भांडल्या नाहीत, तेव्हा भाऊ खरे घाबरले. पॅनेलांखाली सावली, अंगणात माडांची सावली. काचेवरचा लाल रस काकू पदराने पुसत राहिल्या.

"अगो, हर्षदच्या गच्चीवर घालू," म्हणत भाऊ स्वतः टोपली घेऊन निघाले.

"घाला की भाऊ," हर्षद म्हणाला, "पण परवापर्यंत. परवा सोलरवाले येतायत."

"तुझ्याकडे?"

"तुम्हीच पटवलंत ना!"

"मग पलीकडे, अनिलकडे..."

"त्याचं माझ्याबरोबरच आहे. दोघांचं एकदम सांगितलं. तेही तुम्हीच सुचवलंत."

डोक्यावर रणरणतं ऊन, हातात टोपली, आणि वाडीत दोन दिवसांपलीकडे ठेवायला जागा नाही, असे सदूभाऊ परतले. काकू अंगणाच्या दगडी गडग्यापाशी वाट बघत होत्या.

"काय म्हणाला?"

भाऊंनी टोपली या हातातून त्या हातात घेतली.

"परवापर्यंत," ते म्हणाले.

आमसुलांना अजून आठवडाभर ऊन हवं होतं. काकूंनी त्यांच्या हातातली टोपली काढून घेतली.

"मग उभे काय राहिलात? चला, निदान आजचं तरी लागू दे."