निळा की बिनआवाजाचा

निळा स्विच मला पहिल्या दाबातच आवडला होता, हे आधी सांगून टाकते. नाहीतर पुढचं सगळं ऐकून कुणी म्हणेल, एवढ्याशा बटणाचा काय तो राग!

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात आम्ही दोघी उभ्या होतो. मी आणि माझी मैत्रीण. सव्वीस वर्षं एका ऑफिसात शेजारच्या टेबलांवर बसून निवृत्त झालेल्या. तिला आपल्या आठवणींचं पुस्तक करायचं होतं. तिने सांगायचं, मी टाइप करायचं. "पुस्तक आपल्या दोघींचं," असं ती म्हणाली होती आणि मी बावळटासारखी ते खरं धरून बसले होते. लॅपटॉपच्या सपाट बटणांवर माझी बोटं दुखायची. मी टाइपरायटरवर शिकलेली, ठोकल्याशिवाय मला लिहिल्यासारखं वाटत नाही. म्हणून मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायचा ठरला.

दुकानदाराने एक पट्टी पुढे ठेवली. तिच्यावर नऊ बटणं आणि प्रत्येकाखाली वेगळा स्विच. लाल सरळ खाली जायचा, अडवणूक नाही की काही नाही. तपकिरी मध्येच किंचित अडायचा. आणि निळा! शेंग फोडल्यासारखा टच्च वाजायचा. स्क्रीनकडे न बघता कळायचं, अक्षर पडलं. मी तो दहा वेळा तरी दाबला असेन.

मैत्रीण डोळे मिटून एकेकाचा आवाज ऐकत होती. मला भरून आलं. माझ्या कीबोर्डसाठी इतकं मन लावून कोण ऐकतं?

"हा नको गं," ती निळ्याबद्दल म्हणाली, "ह्या टकटकीत मला बोलायचं सुचणार नाही. तो बिनआवाजाचा घे."

"बरोबर है मॅडम," दुकानदार म्हणाला, "रेकॉर्डिंगवाले लोक हाच नेतात."

ती हसली. मीही हसले. मी घेतला बिनआवाजाचा. त्याच्यात रबर असतं, बोट गादीत रुतल्यासारखं वाटतं. पण तिला सुचायला हवं होतं ना.

मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मी तो वजनदार कीबोर्ड कापडी पिशवीत घालून परळहून बसने गिरगावात जायची. ती बोलायची, मी टाइप करायची. तिचा फोन टेबलावर पालथा पडलेला असायचा. कुणाचा फोन आला तर हाताशी असावा म्हणून ठेवते, असं मला वाटायचं. ती आईच्या आजारपणाचं सांगताना रडली, त्या दिवशी मी टायपिंग थांबवून तिचा हात धरून बसले होते.

चार महिन्यांनी पुस्तक सांगून संपलं. तिने मला छापील प्रत आणि फाइल दिली. "तुझी नजर बारीक आहे. जे राहिलंय ते काढून टाक."

घरी वाचायला बसले. पान अकरावर तिची आई शेवटचं पाणी मागते, आणि पुढच्याच ओळीत छापलेलं होतं: रडू नकोस गं, मी आहे ना.

हे मी बोलले होते. टाइप केलेलं नव्हतं. टाइप करते ते तिचं, माझं बोलणं मी कशाला टाइप करू? मग पानोपानी मीच सापडत गेले. "थांब जरा." "परत सांग." "इथे पूर्णविराम देऊ?" ही मी टाइप केलेली फाइल नव्हतीच.

फोन केला. तिने आढेवेढे घेतले नाहीत. बोललेलं आपोआप टाइप करून देणारं ॲप तिच्या फोनमध्ये होतं, पहिल्या दिवसापासून.

"तू हळू झालीयेस गं आता. तोंडावर कसं सांगणार? वाईट वाटलं असतं तुला."

"मग मला बोलावलंस कशाला?"

"फोनशी काय बोलणार? समोर कुणीतरी माणूस नको का?"

कुणीतरी माणूस. सव्वीस वर्षांनंतर! हळू झालेय हे मी एक वेळ गिळलं असतं. पण चार महिने मी ते रबर बडवत होते आणि ती समोर बसून ते बघत होती. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. दुकानात डोळे मिटून ती माझ्यासाठी ऐकत नव्हती, फोनसाठी ऐकत होती.

तरी फाइल साफ केली. काम अर्धवट टाकायची मला सवय नाही. माझी वाक्यं शोधून शोधून काढली. पान अकरावरचं तेवढं ठेवलं. मुद्दाम. वाचताना ती तिथे थांबेल, तिला तो हात आठवेल, असं वाटलं. इतकं होऊनही वाटलं, याचा मला स्वतःचाच राग येतो.

आठवड्याने तिचा फोन आला.

"सुरेख केलंयस गं. फक्त पान अकरावर तुझं एक वाक्य राहिलंय बघ. तेवढं काढ."

काढलं. डिलीटचं बटण नीट दाबलं गेलं की नाही, याची मला स्क्रीनकडे बघून खात्री करावी लागली.