टँगची भांडणं आणि सकाळी आठचा फोन

खाऱ्या पाण्याच्या टँकला वरच्या काठावर मिठाची पांढरी रेघ येते. सकाळी पुसा, संध्याकाळी पुन्हा हजर! आमच्या ग्रुपमधले किस्सेही तसेच साचतात. आज थोडे पुसून घेते.

ग्रुप म्हणजे म्हैसूरमध्ये घरी समुद्री मासे पाळणारी माणसं. मोबाइलवर वीसेक जण, पण हाकेला येणारे दोघंच, शिंदेमामा आणि केतकी. मी त्यात चुकून शिरले. टँक माझ्या मुलाचा, अनयचा; ग्रुपमध्येही आधी तोच होता. तो नोकरीसाठी कॅनडाला गेला आणि विजयनगरच्या घरात मी, चार फुटी टँक, टँग जातीचा एक पिवळा मासा आणि दोन केशरी क्लाउनफिश एवढे उरलो. 'ह्यां'ना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या नंजनगूडच्या फॅक्टरीपायी आम्ही इथे आलो होतो. आता साताऱ्याला परत ये म्हणणारे पुष्कळ आहेत, पण मासे कोण नेणार?

* * *

ग्रुपवरचा माझा पहिला प्रश्न होता, "पाणी बदलताना मीठ चवीपुरतं घालायचं का?"

दोन मिनिटांत केतकीचा फोन. ही पुण्याची मुलगी, इथे सॉफ्टवेअरमध्ये आहे. "काकू, कशालाही हात लावू नका! मी निघालेय."

स्कूटरवरून आली ती खारटपणा मोजायची नळी घेऊनच. माशांचं मीठ वेगळं येतं, ते पिशवीतून मोजून घालायचं, हे तिने मला नीट शिकवलं. मी विचारलं, "म्हणजे सैंधवसुद्धा चालत नाही?" ती हसत सुटली. मग माझ्याकडे तीन गरम पोळ्या खाल्ल्या. म्हणाली, "काकू, पाणी दर आठवड्याला तपासावं लागतं हं."

तेव्हापासून ती दर शनिवारी पाणी तपासायला येते. बरोबर जेवायच्या वेळेला!

* * *

शिंदेमामा पिढ्यानपिढ्या इथलेच. पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, हे ते पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. घरी मराठी बोलतात, पण माशांना रागावतात कन्नडमध्ये.

केतकीने एकदा विचारलं, "मामा, माशांना मराठी कळत नाही का?"

"कळतं की! पण मराठीत शिव्या दिल्या तर आतनं बायको येती ना विचारायला, मला काय बोल्ला म्हणून!"

* * *

आता मुख्य भानगड. एका सकाळी आमच्या लेआउटचा, म्हणजे वसाहतीचा, ट्रान्सफॉर्मर उडाला. पंप बंद. पंप बंद म्हणजे माशांचा श्वास बंद. मी प्लास्टिकचा मग घेऊन टँकमधलं पाणी वर उचलायचं आणि उंचावरून सोडायचं, असं दुपारपर्यंत करत राहिले. खांदा भरून आला. केतकी ऑफिसातून बॅटरीवरचा पंप घेऊन पोचली तेव्हा मी रडत होते, हे कबूल करते.

कारण मासे गेले असते तर अनयशी बोलायला माझ्याकडे काय उरलं असतं? त्याचा फोन रविवारी यायचा. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, हे दोन मिनिटांत संपायचं. पुढची वीस मिनिटं माशांची.

तिघंही वाचले. आणि दुसऱ्याच दिवशी टँगने क्लाउनफिशना बदडायला सुरुवात केली! शेपटीजवळ ह्याला पातं असतं, त्याने एकीचा पर फाडला. केतकी म्हणाली, "एवढ्या संकटातून एकत्र वाचले आणि आता भांडतायत?" मला नवल वाटलं नाही. 'ह्यां'च्या तेराव्यालाच माझे दोन दीर जमिनीवरून हमरीतुमरीवर आले होते.

* * *

शिंदेमामांनी बाह्या सरसावल्या. "घाबरले की असंच करत्यात, वैनी. प्रत्येकाला वाटतंय, हे कोपरा माझाच. दगड हलवा, कुणाचंच घर ठेवू नका, गलाटा बंद!"

दगड हलवले. तिघं दिवसभर पत्ता शोधत फिरले. संध्याकाळी टँगला नवं घर सापडलं आणि मारामारी पुन्हा चालू.

मग मामांनी माझी भाजी धुवायची जाळीची टोपली मागितली. टँगला तीत घातलं आणि टोपली पाण्यावर तरंगत सोडली. तीन दिवसांची कैद!

"सुम्मने सुम्मने, उगीच डोकावू नका," मामांनी बजावलं. "लाज वाटू दे त्याला."

ह्या भानगडीत एक चांगलं झालं. अनयचा फोन रोज येऊ लागला, सकाळी ठीक आठला. "आई, आज भांडले?" पहिल्याच दिवशी म्हणाला, "टोपली मधे तरंगतेय, काठाला चिमट्याने अडकव." मी त्याला टोपलीचं कधी सांगितलं ते काही आठवेना. पण सांगितलं असेल, हल्ली विसरायला होतं.

* * *

कैदेतून सुटल्यावर टँग पाच मिनिटं सभ्य राहिला. मग शेवटचा उपाय, आरसा. काचेला बाहेरून आरसा चिकटवायचा. टँगला वाटतं दुसरा टँग आला, तो त्याच्याशी भांडतो आणि बाकीचे सुटतात. घरात बेताचा आरसा एकच होता, 'ह्यां'चा दाढीचा. सहा वर्षांनी कपाटातून काढला.

टँग दिवसभर आरशावर धडका मारत होता. केतकी बराच वेळ बघत उभी राहिली. "काकू, याला निदान भांडायला तरी कुणीतरी आहे," म्हणाली. मी तिला त्या दिवशी जेवायलाच नाही, राहायलाही ठेवून घेतलं.

दहा दिवसांत सगळं शांत. आरसा काढला. टँग आणि क्लाउनफिश एकाच शेवाळाच्या पट्टीवर जेवायला लागले.

आणि इथे मी खोटेपणा केला. आठला फोन आला, "आई, आज भांडले?" आणि माझ्या तोंडून गेलं, "हो रे, आज पण." भांडण मिटलं असं सांगितलं की फोन पुन्हा रविवारवर जाणार, हे मला ठाऊक होतं. तीन आठवडे मी रोज एक नवी मारामारी रचून सांगितली. एकदा तर पुन्हा पर फाडला!

* * *

काल शिंदेमामा आले होते. टँकसमोर बसून कॉफी पिता पिता वरच्या फळीकडे बोट करून म्हणाले, "कॅमेरा चालू हाय की अजून!"

"कसला कॅमेरा?"

"हे नोडी, बघा की, हिरवा दिवा. अनयनं जाताना माझ्यासमोर लावला. त्याला तिथं मोबाइलवर सगळं टँक दिसतंय, चोवीस तास."

मी त्याला डास पळवायचं मशीन समजत होते. दर शुक्रवारी पुसत होते!

दिवसभर मला जेवण गेलं नाही. तीन आठवडे तो शांत मासे बघत होता आणि माझ्या मारामाऱ्या ऐकत होता. सगळं कबूल करायचं ठरवून आज आठला फोन उचलला. पण मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "आई, आज कुणी कुणाला मारलं?"

मी टँककडे पाहिलं. तिघं शेजारी शेजारी शेवाळ खात होते. मग वरच्या हिरव्या दिव्याकडे पाहिलं.

"टँगने," मी म्हटलं. "दोनदा."

"बाप रे!" अनय म्हणाला. "मग उद्या फोन करायलाच हवा."