छत्रीवरची पट्टी

जुनं पुस्तक सुधारल्याशिवाय मिटायचं नाही, असा पण केलेला माणूस अख्ख्या रत्नागिरीत एकच असावा, आणि ते नेमके माझे मामेसासरे निघाले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मामा दर रविवारी वाचनालयात मुलांना गोष्टी वाचून दाखवतात. आदल्या दिवशी घरी शस्त्रक्रिया चालते. तांदळाच्या पिठाची खळ, जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवरून कापलेल्या पट्ट्या आणि मामांचं वळणदार अक्षर. आजच्या मुलांच्या कानाला जे बरं नाही, त्यावर पट्टी. राजानं शूर तरुणाला अर्धं राज्य आणि राजकन्या देऊ केली, की पट्टीवरची राजकन्या म्हणते, "आधी माझं बी.एड. होऊ दे, मग बघू." सावत्र आया झाडून सगळ्या प्रेमळ झाल्या. एका राक्षसाला तर त्यांनी माणसं सोडायला लावून सुरमईवर आणलं.

"मामा, मग मुलं घाबरणार कशाला?" मी विचारलं.

"सुरमईचा भाव ऐकून घाबरतील की!"

पुस्तकं इतकी फुगलीत, की ग्रंथपालबाई ती दोऱ्यानं बांधून ठेवतात. मला मामांचं पटतं. खळीमुळे झुरळं येतात, तेवढीच माझी तक्रार.

मग त्यांच्या स्वतःच्या पुस्तकावर पाळी आली. तरुणपणी लिहिलेल्या त्या गोष्टींत एक वेंधळी बायको आहे. आंबापोळी उन्हात वाळत घालते आणि ती करपू नये म्हणून तिच्यावर छत्री धरून बसते. ती बायको म्हणजे आमच्या मामी, हे आळीत सगळ्यांना ठाऊक. नवी आवृत्ती निघायची होती. "बायकांना हसायचे दिवस गेले," म्हणत मामांनी पट्टी चिकटवली. आता छत्री धरून नवरा बसला.

मामींनी ते वाचलं आणि तव्यावरचं घावन तसंच टाकून बाहेर आल्या.

"अहो, जन्मभर मी छत्रीवाली म्हणून मिरवले. पोरं रस्त्यात हाक मारतात मला. ती छत्रीसुद्धा तुम्हीच घेतलीत?"

"अगो, त्यात तुझा अपमान होतो!"

"झाला तर माझा होईल. मला विचारलंत? त्या राजकन्येला बरं विचारता!"

मी घावन उलटायला आत गेले. मागोमाग मामी आल्या आणि चहाच्या वाफेवर पान धरून त्यांनी पट्टी अलगद सोडवली.

त्या रविवारी मामांनी गोष्ट जशीच्या तशी वाचली. पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत मोठ्यानं हसल्या त्या मामी.

आताशा मामांचा हात थरथरतो, पट्ट्या तिरक्या लागतात. कपाटात बाकीची पुस्तकं फुगून दोऱ्यात बांधलेली. मामांचं स्वतःचं तेवढं सडपातळ. फक्त वाफेनं एक पान जरा वाकलंय. पुस्तक हातात घेतलं, की ते आपणहून तिथेच उघडतं, आणि मामा ते पान उलटायची घाई करत नाहीत.