आक्का जेवायची थांबली होती

काल सकाळी आक्का गेली. माझी थोरली बहीण.

नव्वदी ओलांडली होती तिनं. खरं तर ती अठराव्या वर्षीच जायची होती.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आमचे आप्पा निपाणीत तंबाखूचे व्यापारी. आक्काला बघायला पाहुणे आले. चहा पिता पिता त्यांच्यातली एक बाई म्हणाली, "पोरगी चांगली हाय, पण अंगानं लई भरलीया."

त्या दिवसापासून आक्काचं ताट तसंच उठायला लागलं.

आमचं जैन घर, उपवास काही नवीन नव्हता. आक्का म्हणायची, "व्रत हाय माझं." गल्लीतल्या बायका कौतुक करायच्या.

इकडं तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. आरशावर तिनं पंचा टाकला होता.

शेवटी ती चक्कर येऊन पडली. आप्पांनी तिला बेळगावला, कॅम्पातल्या डॉक्टरांकडं नेलं. शेपटासारखी मी मागं.

डॉक्टरांना आजार सापडेना. त्यांनीच इंदूबाईंकडं पाठवलं. बाई मुंबईत सायकॉलॉजी शिकून आलेल्या, मुलींच्या शाळेत शिकवायच्या.

बाईंनी आप्पांना बाहेर बसवलं.

"जेव" म्हणाल्याच नाहीत. विचारलं, "तुला तू कशी दिसतेस?"

आक्कानं पदर अंगाभोवती ओढून घेतला. मग म्हणाली, "त्या पाहुण्यांना दिसले, तशीच."

बाईंनी आम्हा दोघींना उन्हाळाभर कॅम्पातल्या आपल्या घरी ठेवून घेतलं. आप्पांना बजावलं, "घरात तिच्या अंगाबद्दल कुणी बोलायचं नाही. उपवासाचं कौतुकही करायचं नाही."

रोज त्या तिच्याशी बोलत बसायच्या. आक्कानं खाल्लं तरी शाब्बासकी नाही, टाकलं तरी राग नाही. जरा बरं वाटतंय म्हणेपर्यंत खाणं परत बंद व्हायचं.

एकदा स्वयंपाकघरात बाई डोळे पुसत होत्या. मला बघून म्हणाल्या, "यावर मला कुणी काही शिकवलेलं नाही गं. चाचपडतेय मी."

मग एका दुपारी आक्काच म्हणाली, "बाई, आणि थोडा भात हाय का?"

बाईंनी वाढला. आणि स्वतः खात राहिल्या.

पुढं दुसऱ्या पाहुण्यांचा निरोप आला, तेव्हा आप्पांनी कळवलं, "पोरीशी बोलायचं असलं तर या. नुसतं बघायला येऊ नका."

कुणी आलं नाही.

आक्का शिकली. बाईंच्याच शाळेत शिक्षिका झाली. एखादी पोरगी डबा उघडत नाही असं दिसलं, की हळूच तिच्याशेजारी जाऊन बसायची.

आज याला ईटिंग डिसऑर्डर म्हणतात. तेव्हा आमच्याकडं नाव नव्हतं. बाई होत्या, एवढं नशीब.

गेल्या आठवड्यात मी पेजेचा चमचा पुढं केला. आक्कानं तोंड फिरवलं. मी चमचा तसाच धरून ठेवला.

मला काय आठवलं, ते तिला कळलं.

"तसलं न्हाय गं हे," म्हणाली. "म्हातारी झालेय मी. ठेव तो चमचा. बस जवळ."

मी बसले.

आक्का, कॅम्पातला तो उन्हाळा आठवणारं आता दुसरं कुणी उरलं नाही. बोलू कुणाशी?

सावकाश जा. बाई भेटल्या तर माझा नमस्कार सांग.