हवेसमोर धरलेला टॉवेल

चिंचवडच्या आमच्या कारखान्यात रंगखात्याला लागणारी दाबाची हवा कॉम्प्रेसरवरचे मामा सोडायचे. त्या हवेतून गंजाचा कण आला, तरी रंगवलेला पत्रा वाया जायचा. म्हणून पाळी सुरू होताना मामा खांद्यावरचा पांढरा टॉवेल नळीसमोर धरायचे आणि उजेडात नेऊन निरखायचे. "साफ हाय, घ्या राव," म्हणाले की मगच आम्ही स्प्रेगन उचलायचो. सुटताना आम्ही त्याच हवेनं कपडे झटकायचो. मामा मात्र धुळीसकट सायकलवर टांग मारून ताथवड्याला जायचे. "ती रंगाची हवा हाय," म्हणायचे.

ते निवृत्त झाले त्या दिवशी आम्ही त्यांना रंगखात्यातच टॉवेल, टोपी आणि नारळ दिला. साहेबांचं भाषण लांबलं होतं. दुसऱ्या पाळीचा भोंगा वाजला तसे मामा उठले आणि त्यांनी सत्काराचा कोरा टॉवेल नळीसमोर धरला. त्यावर काळे ठिपके उमटले.

"फिल्टर फाटलाय. हवा बंद करा," म्हणाले, आणि नव्या टोपीतच फिल्टर बदलायला बसले.

संध्याकाळी तोच ठिपक्यांचा टॉवेल खांद्यावर टाकून ते गेटबाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या माणसानं हवा सोडली. तरी आम्ही सगळे स्प्रेगन खाली ठेवून तसेच उभे होतो.